वर्गणी आणि कर: वसाहतकालीन फिलाडेल्फियाचा कारभार कोण चालवत होते?

१७४७ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या कॉर्पोरेशनने अँथनी मॉरिस यांना महापौर म्हणून निवडले. निवडीची नोटीस हातात पडू नये म्हणून मॉरिस गावातून निघूनच गेले. शोधाशोध करूनही ते सापडेनात, तेव्हा आधीचे महापौर विल्यम अ‍ॅटवुड यांनाच पुन्हा खुर्चीवर बसवण्यात आले. दोन वर्षांपूर्वीही काही आल्डरमननी महापौरपद घेण्यापेक्षा दंड भरणे पत्करले होते. पद मानाचे होते, पण बिनपगारी होते आणि त्याचा खर्च ज्याच्या त्याच्या खिशातून जात असे. शेवटी त्याच सुमारास महापौराला वर्षाला १०० पौंड वेतन द्यायचे ठरवावे लागले.

याच वर्षाच्या अखेरीस याच शहरात वेगळेच चित्र होते. इंग्लंडचे फ्रान्स आणि स्पेनशी युद्ध चालू होते, शत्रूची लुटारू जहाजे डेलावेअर नदीत शिरली होती आणि युद्धविरोधी क्वेकर पंथीयांच्या हाती असलेली प्रांतिक विधानसभा शस्त्र उचलायला तयार नव्हती. बेंजामिन फ्रँकलिन यांनी ‘प्लेन ट्रुथ’ हे पत्रक छापले, सभा भरवली आणि थोड्याच दिवसांत हजाराहून अधिक पुरुषांनी संरक्षणाच्या करारनाम्यावर सह्या केल्या. त्यांनी तुकड्या बांधल्या, अधिकारी आपापसांत निवडले आणि तोफांसाठी लॉटरी काढून पैसा उभा केला. कायद्याने कोणावरही सक्ती केलेली नव्हती.

सनदेने दिलेले पद चुकवायला माणसे गाव सोडतात आणि सनदेत कुठेही नसलेल्या कामासाठी रांग लावतात, हे कसे? गेली सुमारे ८० वर्षे अमेरिकेचे इतिहासकार या प्रश्नाभोवती वाद घालत आहेत. स्वयंस्फूर्त संस्थांनी दुबळ्या नगरकारभाराची उणीव भरून काढली, की त्या होत्या म्हणूनच नगरकारभार दुबळा राहिला? आणि या संस्था ज्या ‘लोकां’च्या नावाने बोलत, ते लोक नेमके कोण होते? या वादाचे आजचे स्वरूप काय आहे, ते पाहू.

बंद दाराचे कॉर्पोरेशन

पेनसिल्वेनिया प्रांताचे संस्थापक विल्यम पेन यांनी १६८२ मध्ये शहराची आखणी केली आणि २५ ऑक्टोबर १७०१ रोजी त्याला सनद दिली. महापौर, रेकॉर्डर, आल्डरमन आणि कॉमन कौन्सिलचे सभासद यांचे मिळून कॉर्पोरेशन बनले. सभासदत्व तहहयात असे. जागा रिकामी झाली की उरलेले सभासदच नवा सभासद निवडत आणि महापौर दरवर्षी आल्डरमनांमधून ठरे. मतदारांचा यात कुठेच संबंध नव्हता. इंग्लंडमधल्या अनेक जुन्या नगरांचा कारभार असाच चाले, त्यामुळे त्या काळात हे कोणाला फार विचित्र वाटले नसावे.

पुढच्या साऱ्या गोष्टींचे मूळ एका उणिवेत आहे: कॉर्पोरेशनला स्वतःच्या जोरावर कर बसवता येत नव्हता. हाय स्ट्रीटवरच्या बाजारातल्या गाळ्यांचे भाडे, नदीवरची तर, धक्के आणि दंड यांतून येईल तेवढेच उत्पन्न. बाजार भरवणे, वजनमापे तपासणे, किरकोळ खटले चालवणे यांना ते पुरे. रस्ते, दिवे, पहारा, आग यांना ते पुरण्यासारखे नव्हते.

कराचा अधिकार प्रांतिक विधानसभेकडे होता आणि सभेला कॉर्पोरेशनवर भरवसा नव्हता. शतकाच्या मध्यापर्यंत कॉर्पोरेशन प्रांताच्या मालक पेन घराण्याच्या वर्तुळाकडे झुकले होते, तर विधानसभा क्वेकर पक्षाकडे होती. म्हणून सभेने कॉर्पोरेशनला बळ देण्याऐवजी शेजारी निवडून आलेली वेगळी मंडळे उभी केली: १७१२ मध्ये करआकारणी करणारे असेसर, १७५१ मध्ये पहारा आणि दिव्यांसाठी वॉर्डन, १७६२ मध्ये रस्त्यांसाठी कमिशनर. गरिबांना मदत देणारे पर्यवेक्षक आणखी वेगळे. शहराची सत्ता अशी तुकड्यातुकड्यांनी वाटली गेली. ‘फिलाडेल्फियात नगरशासन नव्हते’ असे जे सरसकट म्हटले जाते ते म्हणूनच बरोबर नाही. शासन होते, पण ते एका छताखाली नव्हते.

बादल्या, कंदील आणि वर्गणीदार

या तुकड्यांच्या मधल्या जागेत स्वयंस्फूर्त संस्था वाढल्या. १७२७ मध्ये फ्रँकलिन यांनी कारागीर मित्रांचे ‘जंटो’ हे चर्चामंडळ काढले. १७३१ मध्ये त्यातून लायब्ररी कंपनी निघाली: ५० वर्गणीदार, प्रत्येकी सुरुवातीला ४० शिलिंग आणि पुढे दरवर्षी १० शिलिंग. १७५१ मध्ये अकादमीचे वर्ग सुरू झाले आणि १७५२ मध्ये आगीच्या विम्यासाठी कॉन्ट्रिब्यूशनशिप ही परस्पर संस्था निघाली. पण वादाच्या दृष्टीने अग्निशमन मंडळे, रात्रीचा पहारा आणि रुग्णालय ही तीन उदाहरणे जवळून पाहण्यासारखी आहेत.

युनियन फायर कंपनी ७ डिसेंबर १७३६ रोजी स्थापन झाली. करारनाम्यावर सही करणाऱ्या प्रत्येकाने स्वखर्चाने चामड्याच्या बादल्या आणि जाड्याभरड्या कापडाच्या, तोंडाशी ओढदोरी असलेल्या पिशव्या घरात तयार ठेवायच्या. बादल्या पाण्यासाठी, पिशव्या जळत्या घरातले सामान बाहेर काढण्यासाठी. आगीच्या गर्दीत चोरांचे फावते, म्हणून काही सभासदांनी दाराशी उभे राहून सामानावर नजर ठेवायची. बादली जागेवर नसली तर दंड. सभासदसंख्या तीसवर रोखलेली होती. पुढे आणखी लोक यायला लागले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तुम्ही स्वतःचे मंडळ काढा. १७३८ मध्ये फेलोशिप, १७४२ मध्ये हँड-इन-हँड, १७४३ मध्ये हार्ट-इन-हँड अशी मंडळे निघत गेली आणि शहरभर पसरली. कॉर्पोरेशनने १७३० च्या मोठ्या आगीनंतर इंग्लंडहून बंब मागवले होते, पण यंत्र आणले तरी ते ओढायला, पाणी पुरवायला हात लागतात. ते हात या मंडळांनी दिले.

पहाऱ्याची गोष्ट अधिक बोलकी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली तिच्यात आहे. प्रत्येक वॉर्डातला कॉन्स्टेबल घरमालकांना आळीपाळीने रात्रीच्या गस्तीला बोलावत असे. ज्याला जायचे नसेल त्याने वर्षाला ६ शिलिंग द्यायचे. या पैशातून बदली माणसे नेमायची, असा हेतू. प्रत्यक्षात थोड्याशा दारूच्या मोबदल्यात मिळेल त्या भटक्याला सोबत घेतले जाई, गस्त राहून जाई आणि रात्र पिण्यात सरे. फ्रँकलिन यांनी जंटोत वाचलेल्या निबंधात बोट ठेवले ते विषमतेवर: जिची सगळी मालमत्ता ५० पौंडांचीही नाही अशी गरीब विधवा ६ शिलिंग भरते, आणि ज्याच्या वखारीत हजारो पौंडांचा माल आहे तो व्यापारीही ६ शिलिंगच भरतो. त्यांचा उपाय होता नोकरीला ठेवलेले पहारेकरी आणि मालमत्तेच्या प्रमाणात कर. ही कल्पना जंटोच्या शाखामंडळांत, जणू प्रत्येकाची स्वतःची असावी अशी, फिरवत नेली गेली. कायदा व्हायला बरीच वर्षे गेली. तो १७५१ मध्ये झाला. त्याच कायद्याने रस्त्यांवर सार्वजनिक दिवे आले. दिव्याची सुरुवात जॉन क्लिफ्टन यांनी स्वतःच्या दारापुढे कंदील टांगून केली होती, हे श्रेय फ्रँकलिन यांनी त्यांनाच दिले आहे.

म्हणजे इथे संस्थेने कराची जागा घेतली नाही, तिने कर मागितला. आणि मागितला तो अधिक न्याय्य कर.

रुग्णालयात वर्गणी आणि महसूल एकमेकांत गुंफले गेले. कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची. विधानसभेतल्या ग्रामीण सभासदांना शहराच्या रुग्णालयासाठी प्रांताचा पैसा देणे मान्य नव्हते. तेव्हा फ्रँकलिन यांनी तोड सुचवली: लोकांनी वर्गणीतून २,००० पौंड जमवले तर सभेने तेवढेच द्यावेत. एवढी रक्कम जमणारच नाही, या हिशेबाने विरोधकांनीही बाजूने मत दिले. इकडे वर्गणीदारांना सांगता आले की तुमचा प्रत्येक पौंड दुप्पट होईल. मे १७५१ मध्ये कायदा झाला, रक्कम जमली आणि १७५२ मध्ये भाड्याच्या घरात पहिले रुग्ण दाखल झाले. कारभार पाहायला व्यवस्थापक निवडायचे वर्गणीदारांनी. पैसा निम्मा सार्वजनिक, पण मत फक्त वर्गणीदाराला, ही गोष्ट पुढच्या वादासाठी लक्षात ठेवावी.

इतिहासकारांचे मतप्रवाह

या विषयावरचे पहिले मोठे काम कार्ल ब्रायडनबॉ यांचे. ‘सिटीज इन द वाइल्डरनेस’ (१९३८) आणि ‘सिटीज इन रिव्होल्ट’ (१९५५) या ग्रंथांत त्यांनी बॉस्टन, न्यूपोर्ट, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि चार्ल्सटन या पाच शहरांचा सविस्तर वृत्तांत दिला. त्यांच्या मांडणीचा सूर प्रगतीचा आहे. शहर वाढते, समस्या येतात, जागरूक नागरिक पुढे होतात, सुधारणा घडतात. माहितीच्या संपन्नतेत या ग्रंथांना आजही तोड नाही. मात्र सुधारणांची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्यांत मागे राहतो.

१९६८ मध्ये सॅम बास वॉर्नर यांनी ‘द प्रायव्हेट सिटी’ लिहून त्याला धक्का दिला. त्यांच्या मते फिलाडेल्फियाचा स्थायिभाव खाजगीपणा हा होता. व्यक्तीने संपत्ती मिळवावी, शहराने तिच्या आड येऊ नये, ही वृत्ती. शहर लहान आणि घट्ट विणीचे असेपर्यंत अशा अनौपचारिक कारभारावर भागले. पण मोठ्या संकटात सामूहिक निर्णय घेण्याची ताकद शहराकडे उरली नाही. क्रांतीच्या काळात १७७९ मध्ये लोकसमित्यांनी महागाई रोखण्यासाठी भाव ठरवून पाहिले आणि तो प्रयत्न फसला, हा त्यांचा एक प्रमुख दाखला. जॉन टीफर्ड यांनी १९७५ मध्ये वेगळी चौकट दिली. नगरसंस्था बाजार आणि व्यापाराच्या नियमनासाठी जन्मल्या आणि अठराव्या शतकात हळूहळू आरोग्य, सुरक्षितता, रस्ते यांकडे वळल्या. फिलाडेल्फियाचे कॉर्पोरेशन हे वळण घेऊ शकले नाही, म्हणून ती कामे बाहेर झाली.

गॅरी नॅश यांच्या ‘द अर्बन क्रूसिबल’ने (१९७९) प्रश्नच फिरवला. बॉस्टन, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या कर आणि दानधर्माच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले की शतकाच्या उत्तरार्धात संपत्ती थोड्या हातांत साठत गेली आणि सप्तवार्षिक युद्धानंतर दारिद्र्य वाढले. अशा शहरात ‘नागरिकांनी एकत्र येऊन केलेले काम’ म्हणताना कोणते नागरिक, हे विचारावेच लागते.

अलीकडचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक जेसिका चॉपिन रोनी यांचे, ‘गव्हर्न्ड बाय अ स्पिरिट ऑफ ऑपोझिशन’ (२०१४). त्यांच्या मते या संस्था समाजसेवेपुरत्या नव्हत्या. शासनाचीच कामे त्या करत होत्या आणि ती करता करता सामान्य गोरे पुरुष सभा चालवणे, नियम करणे, पैसा उभारणे, दंड करणे शिकले. औपचारिक सत्तेबाहेर राहून तिच्यावर दबाव आणण्याची ही सवय १७७४–७६ च्या क्रांतिसमित्यांना उपयोगी पडली, आणि त्या समित्यांनी शेवटी जुने प्रांतिक सरकारच बाजूला सारले. रोनी यात गुणगान गात नाहीत. या वाटेने स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी अधिकच बाहेर ढकलले गेले, हेही त्या त्याच मांडणीचा भाग म्हणून सांगतात.

अलेक्सी द टोकव्हील यांनी १८३१ च्या अमेरिकावारीनंतर संस्थाप्रेमी अमेरिकेचे जे चित्र रंगवले, ते शंभर वर्षे मागे नेऊन फ्रँकलिनच्या शहरावर चिकटवण्याची सवय जुनी आहे. टोकव्हील यांनी पाहिलेल्या अमेरिकेत निवडून आलेली शासने होती. १७३६ च्या फिलाडेल्फियात नगरपित्यांची निवडणूकच नव्हती. तुलना करताना हा फरक विसरून चालणार नाही.

संस्थेच्या हाती सत्ता आली तेव्हा

स्वयंस्फूर्त संस्थेकडे सक्तीची सत्ता गेली की काय होते, हे ‘बेटरिंग हाऊस’ या निराधारगृहाच्या इतिहासात दिसते. १७६० च्या दशकात गरिबांचा खर्च पर्यवेक्षकांना झेपेना. हे पर्यवेक्षक बहुधा मध्यम ऐपतीचे दुकानदार, कारागीर असत. दारोदार गरीबकर गोळा करायचा आणि ओळखीपाळखीच्या गरजूंना घरबसल्या मदत द्यायची, हे त्यांचे काम. १७६६ च्या कायद्याने या मोठ्या निराधारगृहाचा कारभार ‘कॉन्ट्रिब्यूटर्स’ या वर्गणीदारांच्या खाजगी संस्थेकडे सोपवला. व्यवस्थापनात क्वेकर व्यापाऱ्यांचे वजन होते. घरी मदत देणे बंद करावे, मदत हवी असेल त्याने निराधारगृहात यावे आणि काम करावे, हे त्यांचे धोरण.

पर्यवेक्षकांनी विरोध केला. हिवाळ्यापुरती सरपणाची किंवा थोड्या पैशांची मदत मिळाली की उभे राहणारे कुटुंब मोडून त्यातल्या माणसांना संस्थेत कशासाठी आणायचे, असा त्यांचा सवाल होता. गरीबही तिथे जायला नाखूश होते. दोन्ही बाजूंचा वाद वर्षानुवर्षे चालला. त्यात कर गोळा करायचे काम पर्यवेक्षकांचे, पण तो कसा खर्च करायचा हे ठरवणार वर्गणीदारांचे व्यवस्थापक. नॅश याकडे वर्गीय शिस्तीचा प्रयोग म्हणून पाहतात. व्यवस्थापकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. वाढता खर्च आणि अपुरा कर यांवर त्यांना खरोखरच तोडगा हवा होता आणि संस्थेत काम देणे ही त्या काळची मान्य कल्पना होती.

परराष्ट्र व्यवहारातही हेच घडले. १७५६ मध्ये लेनापे (डेलावेअर) लोकांशी युद्ध जाहीर झाल्यावर इझ्रायल पेम्बर्टन आणि इतर क्वेकरांनी ‘फ्रेंडली असोसिएशन’ काढली, वर्गणीतून भेटवस्तू जमवल्या आणि ईस्टनच्या तहांच्या वाटाघाटींत भाग घेतला. शांततेचा प्रामाणिक प्रयत्न, असे काही इतिहासकार म्हणतात. खाजगी माणसांनी राज्याच्या कामात केलेला हस्तक्षेप, असे पेन घराण्याचे म्हणणे होते. १७४७ च्या सशस्त्र असोसिएशनविषयीही त्याच घराण्यातल्या थॉमस पेन यांची हीच तक्रार होती: आज्ञेविना शस्त्रे धरणारे लोक उद्या कोणाची आज्ञा मानतील?

त्या भीतीला आधार नव्हता असे नाही. डिसेंबर १७६३ मध्ये पॅक्स्टन भागातल्या सशस्त्र वसाहतवाल्यांनी लँकेस्टर परगण्यातल्या २० निःशस्त्र कोनेस्टोगा मूळनिवासी स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली आणि फेब्रुवारी १७६४ मध्ये ते फिलाडेल्फियावर चालून आले. शहराने पुन्हा स्वयंसेवकांची फळी उभारली. काही क्वेकर तरुणांनीही शस्त्रे घेतली. जर्मनटाउनला बोलणी होऊन जमाव परतला. चालून आलेलेही स्वतःहून संघटित झाले होते आणि अडवणारेही. स्वयंसंघटन म्हणजे आपोआप लोककल्याण, या समजाला यापेक्षा मोठा अपवाद दाखवता येणार नाही. तरीही स्वयंस्फूर्त संस्थांवरच्या बऱ्याच लेखनात पॅक्स्टनची गोष्ट वेगळ्या प्रकरणात ठेवली जाते, हे मला पटत नाही.

काय अजून ठरलेले नाही

पहिला न सुटलेला प्रश्न कारणाचा. कॉर्पोरेशन दुबळे म्हणून संस्था वाढल्या, हे स्पष्टीकरण सोपे आहे. पण बॉस्टनमध्ये जिवंत नगरसभा आणि निवडून आलेले सिलेक्टमन असूनही १७१७ पासून अग्निसंस्था होती. फ्रँकलिन बॉस्टनचेच. फरक एवढाच की तिथली संस्था सभासदांच्या मालमत्तेसाठी होती, तर युनियन कंपनीचे सभासद कोणाच्याही घराला धावत. न्यूयॉर्कला निवडून येणारे आल्डरमन आणि भरपूर जमीन असलेले कॉर्पोरेशन होते. चार्ल्सटनला तर १७८३ पर्यंत नगरपालिकाच नव्हती आणि तिथे ग्रंथालयाची संस्था होती, पण फिलाडेल्फियाइतकी दाट वीण नव्हती. म्हणजे शासनाचा दुबळेपणा एकटा पुरत नाही. क्वेकर मासिक सभांनी लावलेली शिस्त, अनेक पंथांची सरमिसळ, छापखाने, युद्धाच्या प्रश्नावर अडून बसलेली विधानसभा यांपैकी कशाचे वजन किती, यावर एकमत नाही.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. फ्रँकलिन यांनी १७७१ मध्ये आत्मचरित्र लिहायला घेतले. पहाऱ्याची, रुग्णालयाची, रस्ते झाडण्याची कथा आपल्याला मुख्यतः तिथून ठाऊक आहे. प्रकल्प स्वतःच्या नावावर न सांगता ‘काही मित्रांची’ कल्पना म्हणून मांडावा, ही आपली युक्ती त्यांनीच नोंदवली आहे. मग ज्या कल्पना खरोखरच इतरांच्या होत्या त्या किती, हे त्यांच्या लेखनावरून कसे ठरवणार? मंडळांची इतिवृत्ते आणि करयाद्या एकमेकींशी ताडून पाहण्याच्या कामामुळे याचे उत्तर हळूहळू हाती येत आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. संस्थांच्या या शाळेत ज्यांना प्रवेश नव्हता त्यांनी यातून काय घेतले? १७८० मध्ये एस्थर रीड यांच्या पुढाकाराने शहरातल्या स्त्रियांनी सैन्यासाठी घरोघर वर्गणी जमवली. १७८७ मध्ये रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅब्सलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापन केली. आजाऱ्यांना, विधवांना, अनाथांना आधार देणारी ती वर्गणीचीच संस्था होती. फ्रँकलिनच्या पिढीचा साचा त्यांनी उचलला, की चर्च आणि कुटुंबाच्या स्वतःच्या परंपरेतून त्या उभ्या राहिल्या, यावर मते विभागलेली आहेत. मला दुसरे मत अधिक सबळ वाटते, कारण ज्या मंडळांच्या दारातही या माणसांना उभे केले जात नव्हते, त्यांचे करारनामे वाचून ती शिकली असे मानायला फारसा आधार दिसत नाही.

एवढे मात्र आजच्या अभ्यासातून पक्के झाले आहे, असे माझे मत आहे: ‘शासन विरुद्ध संस्था’ ही मांडणी फिलाडेल्फियाला लागू पडत नाही. पहारा संस्थांनी मागितला आणि तो करावर चालला. रुग्णालयाला दोन्ही पैसे लागले. निराधारगृहात खाजगी संस्थेने सार्वजनिक कर खर्च केला. खरा भेद आहे तो उत्तरदायित्वाचा. वॉर्डन आणि असेसर यांना मतदार घरी पाठवू शकत होते, कॉर्पोरेशनच्या सभासदांना आणि वर्गणीदारांच्या व्यवस्थापकांना मात्र नाही. पुढचे संशोधन याच भेदावर व्हायला हवे.

१७०१ चे कॉर्पोरेशन क्रांतीबरोबर संपले. १७८९ मध्ये शहराला नवी सनद मिळाली आणि तिने नगरपित्यांची निवड मतदारांच्या हाती दिली. आग विझवण्याचे काम मात्र त्यानंतरही ८० वर्षांहून अधिक काळ स्वयंसेवकांच्या मंडळांकडेच राहिले. पगारी अग्निशमन दल फिलाडेल्फियात आले ते १८७१ मध्ये.